उघडा पडलेला दगड



बीदरजवळच्या अष्टूर गावी बहामनी सुलतानांचे घुमट ओळीने उभे आहेत. तिथे पहिल्यांदा जाणारा माणूस आधी त्यांच्या आकाराने दबून जातो. मग थोड्या वेळाने हमखास विचारतो: एवढे काळे का पडलेत? कुणी धुवून काढत नाही का?

प्रश्न प्रेमापोटी येतो, यात शंका नाही. आपल्या घरची भिंत काळी पडली तर आपण दिवाळीआधी रंग काढतो. मग सुलतानाच्या घुमटाने काय पाप केले? पण गेल्या दीडशे वर्षांत जगभरच्या जुन्या दगडी इमारतींचे जे नुकसान झाले, त्यातला मोठा वाटा याच प्रेमळ प्रश्नाला घाईने दिलेल्या उत्तराचा आहे. ऊन, पाऊस, वारा इमारतीला झिजवतात हे खरे. पण पावसाला जे करायला दोनशे वर्षे लागतात, ते तारेच्या ब्रशाला आणि ॲसिडच्या कॅनला एका दुपारी जमते.

आज तीन गोष्टी क्रमाने मांडायच्या आहेत. आपल्या पायाखालचा दगड नेमका कसा आहे, ही पहिली. त्याच्यावर चढणारा काळेपणा म्हणजे काय आणि तो काढताना काय होते, ही दुसरी. आणि तिसरी गोष्ट पाण्याची. पाणी या विषयात सगळीकडे शिरलेले असल्यामुळे ते पहिल्या दोन्हींतही डोकावेल.

दगडापासून सुरुवात करू.

बीदर ज्या पठारावर वसले आहे, त्याच्या तळाशी काळा पाषाण आहे, दख्खनच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. त्याच्या माथ्यावर लाल जांभ्याचा जाड थर आहे. हा जांभा आला कुठून? बेसाल्टमधूनच. लक्षावधी वर्षांच्या पावसाने काळ्या दगडातली वाळूची आणि चुन्याची द्रव्ये धुऊन नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची द्रव्ये राहिली, आणि त्यांचा हा छिद्राछिद्रांचा, गंजाच्या रंगाचा दगड झाला. म्हणजे ज्या झिजेबद्दल आपण आज बोलतो आहोत, त्या झिजेतूनच बीदरचा दगड जन्माला आला आहे.

हा दगड पाणी पितो. पठारावर पडलेला पाऊस जांभ्यातून झिरपत खाली जातो, खालच्या काळ्या पाषाणाला लागला की अडतो आणि कडेने झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. नानक झिऱ्याला जाऊन आलेल्या प्रत्येकाने ते पाणी ओंजळीत घेतले आहे. पापनाशचा झराही त्याच जातीचा. नौबादजवळ बहामनी काळात खोदलेली कारेझ, म्हणजे भूमिगत पाण्याचे बोगदे, याच गुणावर चालते. ज्यांनी ही कारेझ खोदली, त्यांना दगडातून पाणी कसे चालते हे पक्के ठाऊक होते. मग तेच लोक त्याच दगडात महाल आणि मशिदी बांधताना हे विसरले असतील का?

नाही विसरले. इथेच या सगळ्या विषयाचे मर्म आहे.

खाणीतून नुकता काढलेला जांभा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासता येतो. उन्हावाऱ्यात वाळला की कडक होतो. कोकणात चिरे काढणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. पण कडक झाला तरी तो सच्छिद्रच राहतो. त्याच्या छिद्रांत पिवळी, मऊ माती अडकलेली असते. पावसाचा मारा थेट बसला की आधी ती माती वाहून जाते, मग छिद्रे मोठी होतात, मग छिद्रांमधल्या पातळ भिंती कोसळतात. जुन्या लाल भिंतीच्या पायथ्याशी बोट फिरवले की तांबडी पूड हाताला लागते. ती धूळ बाहेरून आलेली नसते, ती भिंतच असते.

म्हणून बीदरच्या बांधणाऱ्यांनी दगडांत भेद केला. किल्ल्याचा तट जाडजूड. त्याला हातभर झीज परवडते, तिथे दगड उघडा ठेवला. जिथे नक्षी, अक्षरे, कंगोरे कोरायचे तिथे काळा पाषाण आणला. अष्टूरच्या वाटेवर सूफी संत खलीलुल्लाहची अष्टकोनी चौखंडी आहे. तिच्या कमानींभोवतीच्या काळ्या दगडावरची वेलबुट्टी पाहावी: पाच-साडेपाच शतके झाली तरी पानाची कड बोटाला जाणवते. तिथेच जवळचा गिलाव्याचा भाग पाहावा, तर कुठे पोपडे, कुठे आतली चिणाई. आणि बाकी सगळीकडे, घुमटांवर, भिंतींवर, महालांवर त्यांनी चुन्याचा जाड गिलावा केला. त्या गिलाव्यावर कुठे चित्रे रंगवली, कुठे इराणी पद्धतीच्या रंगीत फरश्या बसवल्या. चुन्याचा गिलावा ही जांभ्याची कातडी होती. ती शोभेसाठी नव्हती, किंवा निदान केवळ शोभेसाठी नव्हती. ती काढली की आतला दगड उघडा पडतो, आणि उघडा पडला की उरलेले काम पाऊस करतो.

हे कुणी करून पाहिले आहे का? करून पाहिले आहे, आणि आपल्या शेजारीच.

जुन्या गोव्यात बॉम जेझूसची बॅसिलिका आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष तिथे आहेत. 1594 मध्ये तिचे काम सुरू झाले आणि 1605 मध्ये ती पूजेसाठी खुली झाली. आज ती लालबुंद दिसते, आणि पर्यटकांना वाटते की ती अशीच बांधली. तिच्यासमोरच सी कॅथेड्रल आहे, ते पांढरेशुभ्र. दोन्हींचा मूळ दगड जांभाच. मग एक लाल आणि एक पांढरे का? कारण विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज राजवट असतानाच, बाल्तझार कास्त्रो या वास्तुरचनाकाराच्या देखरेखीखाली बॉम जेझूसच्या बाहेरचा चुन्याचा गिलावा उतरवण्यात आला. दगडाचे रूप दिसावे, इमारत प्राचीन वाटावी, अशी ती दृष्टी होती. साडेतीनशे वर्षे गिलाव्याआड सुरक्षित राहिलेल्या चिऱ्यांवर त्यानंतर गोव्याचा पाऊस पडू लागला; तो वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो. दगडाची पूड होऊ लागली, कडा गेल्या, भिंती ओल धरू लागल्या. जुन्या गोव्यातील चर्चेस 1986 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि तरीही गेल्या काही वर्षांत हा वाद पेटलेला आहे: गिलावा पुन्हा करावा की नाही? कारण दोन-तीन पिढ्यांनी ती लालच पाहिली आहे. लाल रूप हीच तिची ओळख होऊन बसली आहे. पांढरी बॅसिलिका त्यांना परकी वाटेल.

हा पेच समजण्यासारखा आहे. पण दगडाला ओळखीपाळखीशी देणेघेणे नसते. ज्या जांभ्याला गिलावा होता त्याला गिलावा लागतो, एवढेच.

आपल्याकडे पाऊस गोव्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. त्यामुळे झीज सावकाश होते, आणि सावकाश होते म्हणूनच नजरेत भरत नाही. लातूर जिल्ह्यात औशाजवळ खरोशाची लेणी आहेत. ती जांभ्यातच कोरलेली. अजिंठा-वेरूळच्या काळ्या पाषाणातली शिल्पे आणि खरोशाची शिल्पे शेजारीशेजारी ठेवून आठवून पाहा. खरोशात देवांचे चेहरे पुसट झाले आहेत, हातपाय आकारापुरते उरले आहेत. कोरणाऱ्यांचा हात कमी नव्हता; त्यांच्या वाट्याला आलेला दगडच तसा होता.

आता काळेपणाकडे येऊ.

काळे म्हणजे घाण, असे आपण धरून चालतो. पण घुमटावरचा काळा थर बहुतेक वेळा काजळी नसतो. ते शेवाळ असते, सूक्ष्म जीवांचा थर असतो. पावसाळ्यात तो हिरवट होतो, उन्हाळ्यात वाळून काळा पडतो. आपल्या गावातल्या कुठल्याही जुन्या वाड्याच्या गच्चीवर हा रंगबदल वर्षभरात पाहता येतो. मुंबईत किंवा लंडनमध्ये चुनखडीच्या इमारतींवर चढतो तो काळा थर वेगळा: कोळसा आणि इंधनाच्या धुरातला गंधक दगडातल्या चुन्याशी संयोग पावतो, त्याची जिप्समची खपली तयार होते आणि त्या खपलीत काजळी अडकते. चुलीच्या किंवा दिव्याच्या धुराने गाभारा काळा होतो तो तिसरा प्रकार. लोखंडाच्या गंजाचे ओघळ हा चौथा. तेलाचे थर पाचवा. दिसायला सगळे काळेच. औषध मात्र प्रत्येकाला वेगळे, आणि काहींना औषधाची गरजच नाही.

मग आपण काय करतो? सगळ्यांना एकच औषध लावतो.

त्यातले सर्वांत सोपे आणि सर्वांत वाईट म्हणजे ॲसिड. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची फरशी आपल्या प्रत्येक घरात आहे. फरशी साफ करायचे ॲसिड तिच्यावर सांडले की काय होते? फसफसते, फेस येतो. तो फेस पाहून बाईला वाटते, मळ निघतो आहे. पण शहाबादी फरशी ही चुनखडी आहे; फेसातून निघून जातो तो दगडच. धुऊन झाल्यावर फरशीची झळाळी गेलेली असते, पृष्ठभाग खरखरीत झालेला असतो आणि त्या खरखरीत पृष्ठभागावर पुढचा मळ दुप्पट वेगाने बसतो. भीमेकाठच्या सन्नतीजवळ कनगनहळ्ळी इथे उत्खननात सापडलेल्या बौद्ध स्तूपाची शिल्पे याच जातीच्या चुनखडीत आहेत. सम्राट अशोकाचे नाव कोरलेली प्रतिमा त्यांतच मिळाली. शतकानुशतके मातीखाली राहिलेल्या त्या दगडाला कुणी स्वच्छतेच्या उत्साहात ॲसिडची बाटली दाखवली तर काय होईल, याची कल्पनाही नको वाटते. जांभ्यावर ॲसिड टाकले तर त्यातले लोह विरघळते, तांबूस-पिवळे ओघळ भिंतभर उतरतात आणि मागे क्षार राहतात. त्या क्षारांची गोष्ट पुढे येतेच आहे.

दुसरे औषध म्हणजे वाळूचा मारा. यंत्राने वाळू फेकून मंदिरांवरचे ऑइल पेंटचे थर काढण्याची एक लाटच मध्यंतरी आली होती. रंग निघतो, यात वाद नाही. पण पाथरवटाच्या छिन्नीची शेवटची खूणही त्याबरोबर निघते. अक्षरांच्या कडा बोथट होतात. हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगीच्या चालुक्यकालीन मंदिरावर शिलालेख लिहिणाऱ्या सुंदरीचे शिल्प आहे, विक्रमादित्य सहाव्याच्या स्तुतीचा लेख ती कोरते आहे. दगडात दगडी अक्षरे लिहिणारी ती बाई, तिची बोटे, तिने लिहिलेली अक्षरे, यांची खोली अवघी जवाएवढी. वाळूच्या माऱ्यापुढे ती किती मिनिटे टिकेल?

तिसरे, प्रेशरचे पाणी. मोटारी धुतात त्या पंपाने. यात रसायन नाही, म्हणून लोकांना ते निरुपद्रवी वाटते. काळ्या पाषाणाच्या सपाट, घट्ट भिंतीला बेताच्या दाबाने फारसे काही होणारही नाही. पण जांभ्याच्या छिद्रांतली माती त्या धारेने बाहेर येते, जुन्या दरजांमधला चुना उडतो, आणि पाणी भिंतीच्या पोटात जाते ते वेगळेच.

ही चूक फक्त अडाण्यांकडून होते असे कुणाला वाटत असेल, तर लंडनची एक गोष्ट ऐकावी. ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉनची संगमरवरी शिल्पे आहेत. 1937-38 मध्ये त्यांच्यासाठी नवे दालन बांधले जात होते. दालनाचा खर्च उचलणाऱ्या लॉर्ड डुव्हीन यांना शिल्पे पांढरीशुभ्र हवी होती. ग्रीक संगमरवर मात्र काळाने मधासारखा पिवळसर होतो. मग कामगारांनी तांब्याच्या अवजारांनी आणि कार्बोरंडमने काही शिल्पे खरवडली. बोभाटा झाला, चौकशी बसली. पण खरवडलेला पृष्ठभाग परत आला नाही. जगातल्या सर्वांत जाणत्या संग्रहालयात हे घडले.

आणि याच्या साठ वर्षे आधी, 1877 मध्ये, त्याच लंडनमध्ये विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली होती. चर्चच्या भिंतींवरचे जुने गिलावे खरवडून दगड उघडा करण्याची तेव्हा इंग्लंडात फॅशन होती. त्या खरवडण्याविरुद्धच ती संस्था उभी राहिली. गिलावा काढून दगड दाखवण्याचा मोह किती जुना आणि किती सार्वत्रिक आहे, ते यावरून दिसते.

आता पाणी.

पाणी भिंतीत तीन वाटांनी जाते. वरून, गच्चीच्या भेगांतून. बाजूने, पावसाच्या झडीने. आणि खालून, पायातून ओल चढते तशी. आत गेलेले पाणी एकटे जात नाही. जमिनीतले, खतातले, सांडपाण्यातले क्षार ते विरघळवून बरोबर नेते. भिंत वाळताना पाणी वाफ होऊन निघून जाते आणि क्षार मागे राहतात. दगडाच्या छिद्रांत त्यांचे स्फटिक वाढतात. जागा नसली की ते छिद्रांच्या भिंतींवर दाब देतात, आणि दगड आतून फुटतो. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. ते हेच.

या क्षारांची महती बीदरकरांइतकी कुणाला माहीत असणार? बिदरी कामाची भांडी काळी कशाने होतात? जस्त-तांब्याच्या मिश्रधातूचे भांडे घडवून, त्यात चांदीची तार ठोकून झाली की कारागीर किल्ल्यातल्या जुन्या भागातली माती आणतो. ती नवसागराबरोबर पाण्यात उकळतो, त्यात भांडे बुडवतो. जस्ताचा रंग गडद काळा होतो, चांदी मात्र लखलखीत राहते. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची ती माती. तिच्यात सोऱ्यासारखे क्षार साठलेले असतात. बिदरीला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या क्षारांनी बिदरीला तिचा काळा रंग दिला, त्याच जातीचे क्षार भिंतीत शिरले की दगडाची पूड करतात. एकाच किल्ल्याची माती, एकाच किल्ल्याचा दगड.

जुन्या लोकांनी यावर काय केले होते? बहामनी वजीर महमूद गवानचा मदरसा 1472 चा. 1696 च्या भीषण स्फोटात त्याचा मोठा भाग उडाला, तरी उरलेल्या मिनारावर निळ्या-पांढऱ्या-पिवळ्या फरश्या अजून आहेत. त्याच्या बांधणीत शिशाचे पत्रे थर देऊन घातल्याची नोंद आहे, जमिनीतली ओल वर चढून फरश्या सुटू नयेत म्हणून. आजच्या भाषेत याला ओलरोधक थर म्हणतात आणि प्रत्येक इंजिनियर तो पहिल्या वर्षी शिकतो. साडेपाचशे वर्षांपूर्वी बीदरच्या गवंड्यांनी तो घातला होता.

शिशाची अशीच एक कथा अथेन्सची आहे. प्राचीन ग्रीकांनी पार्थेनॉनचे दगड लोखंडी चापांनी जोडले, पण चापांभोवती वितळलेले शिसे ओतले, म्हणजे लोखंडाला पाणी लागू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी निकोलाओस बालानोस या अभियंत्याने मोठ्या निष्ठेने दुरुस्ती केली. नवे लोखंडी चाप घातले, शिसे मात्र वगळले. लोखंड गंजले, गंजून फुगले, आणि अडीच हजार वर्षे टिकलेला संगमरवर काही दशकांत चिरफळला. ते चाप काढून टायटॅनियमचे घालण्याचे काम ग्रीस 1970 च्या दशकापासून करतो आहे.

आपल्याकडे लोखंडाची जागा सिमेंटने घेतली. पडक्या दरजा दिसल्या की गवंडी सिमेंटने भरतो. त्याचा काय दोष? त्याला कुणी दुसरे शिकवलेच नाही. पण सिमेंट जांभ्यापेक्षा कितीतरी कठीण आणि घट्ट असते. चुन्याची दरज भिंतीतल्या ओलीला बाहेर जाऊ देते. झीज झालीच तर आधी दरज झिजते, दगड वाचतो. दरज पुन्हा भरता येते. सिमेंटच्या दरजेतून ओल बाहेर पडत नाही, ती दगडातूनच बाहेर पडते, आणि क्षारही दगडातच साठतात. मग काही वर्षांनी त्या भिंतीचे जे रूप होते ते पाहण्यासारखे आहे: दगड दोन-दोन बोटे आत झिजलेला, आणि त्याच्या चारी बाजूंनी सिमेंटच्या कडा रिकाम्या चौकटीसारख्या बाहेर आलेल्या. ज्याला वाचवायचे तोच गेलेला आणि मलमपट्टी उरलेली.

आता एक शंका कुणाच्याही मनात येईल. गोव्यात वरचा थर काढला ती चूक. मग पंढरपुरात काढला ते योग्य कसे? कमलनगरहून आषाढीला जाणारे अनेक जण या सभागृहात आहेत. 2024 मध्ये विठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जतनासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद होते. मंदिराच्या कामाचा आराखडा सुमारे 73 कोटी रुपयांचा. गाभाऱ्यातले ग्रॅनाइट, अलीकडच्या फरश्या, चांदीचे आवरण उतरवले, आणि मूळ पाषाण कित्येक वर्षांनी लोकांनी पाहिला. तिथेही थर काढला, इथेही थर काढला. फरक कोणता?

फरक असा की बॉम जेझूसचा गिलावा चुन्याचा होता, बांधणीचाच भाग होता, भिंतीची ओल त्यातून ये-जा करत होती. पंढरपुरातले ग्रॅनाइट आणि फरश्या नंतरच्या काळात चिकटवलेल्या होत्या. त्यांनी काळ्या पाषाणाचा श्वास कोंडला होता, आत उष्णता आणि दमटपणा साठत होता. म्हणून थर जुना की नवा, सुंदर की कुरूप, एवढे पाहून भागत नाही. त्याच्या आडून भिंत वाळू शकते की नाही, हे विचारावे लागते. वाळू शकत असेल तर तो ठेवावा, जीर्ण झाला असेल तर तसाच नवा करावा. वाळू शकत नसेल तर तो सावकाश, हाताने, जाणकाराच्या देखरेखीखाली काढावा. आपल्या गावातल्या मंदिरांवर दरवर्षी चढणाऱ्या ऑइल पेंटचा निवाडाही याच प्रश्नाने करता येईल. पूर्वी आपले आजोबा चुन्याची सफेदी देत. तिचे दहा थर साचले तरी दगड गुदमरत नसे. ऑइल पेंटचा एक थर पुरतो.

इथे अजिंठ्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. बीदर काय आणि अजिंठा काय, दोन्ही तेव्हा निजामाच्या राज्यात. 1914 मध्ये हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खाते काढले. गुलाम याझदानी त्याचे प्रमुख. बीदरवरचा त्यांचा 1947 चा ग्रंथ आजही कुणालाही ओलांडून जाता येत नाही. त्याच खात्याने 1920 च्या सुमारास अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावले. ते आपल्या कामात निष्णात होते. सुटत चाललेला गिलावा त्यांनी जागच्या जागी पक्का केला, आणि चित्रांवर लाखेचे पातळ व्हार्निश दिले, रंग उजळ दिसावेत म्हणून. ते व्हार्निश काळाने पिवळे-तपकिरी पडले, त्याखालचे निळे-हिरवे रंग मंदावले, आणि ते उतरवण्याचे जिकिरीचे काम पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आले. लाख असो, सिमेंट असो की ऑइल पेंट, बंद करणाऱ्या लेपाचा परिणाम थोड्याफार फरकाने तोच.

मग स्वच्छता करायचीच नाही का? असा अर्थ कुणी काढू नये. पक्ष्यांच्या विष्ठेतले आम्ल दगड खाते, ती काढलीच पाहिजे. दरजेत रुजलेला पिंपळ कोवळा असतानाच काढला पाहिजे; तो मनगटाएवढा झाला की ओढून काढायचा नसतो, कारण मुळांबरोबर भिंत येते. तो कापून मुळे जागीच मारावी लागतात. लोणा लागलेल्या दगडावर कागदाच्या ओल्या लगद्याचा लेप देऊन क्षार बाहेर ओढता येतात. ताजमहालच्या पिवळ्या पडलेल्या संगमरवरावर मुलतानी मातीचा लेप देतात, तोही याच मृदू घराण्यातला. पण ताजच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या निकालात बोट ठेवले ते लेपावर नव्हे, परिसरातल्या कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांवर. धूर थांबल्याशिवाय लेप किती वेळा देणार?

जॉन मार्शल यांनी 1923 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्यांसाठी जतनाची नियमपुस्तिका लिहिली. इमारत नवी करणे हे काम नाही, आहे ती टिकवणे हे काम आहे, हा तिचा सूर. शंभर वर्षे झाली. आपल्या भागातल्या कित्येक बारवा, मठ, दर्गे, गढ्या, पडके वेस-दरवाजे कुठल्याच संरक्षित यादीत नाहीत. 1956 मध्ये जुना बीदर जिल्हा दोन राज्यांत वाटला गेला, उदगीर-निलंगा-अहमदपूर आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेले, आपण आजच्या कर्नाटकाच्या बाजूला राहिलो; खाती बदलली, दगड तोच राहिला. या बेवारस इमारतींची डागडुजी गावच करते, वर्गणीतून करते आणि श्रद्धेने करते. म्हणून या गोष्टी सरकारी कचेरीपेक्षा अशा सभागृहात सांगणे जास्त गरजेचे आहे.

कामाच्या निविदा निघतात त्यात एक अडचण कायमची आहे. दर चौरस मीटरला ठरतो, किती भिंत घासली यावर बिल निघते. घासण्याचे पैसे मिळतात, न घासण्याचे मिळत नाहीत. गावाने हे उलटे करावे. आधी हातभर जागेवर, मागच्या बाजूला, लोकांच्या नजरेआड नमुना करून पाहावा. एक पावसाळा जाऊ द्यावा. दगड कसा वागतो ते पाहावे, मगच पुढच्या कामाला हात घालावा. दरजा चुन्यानेच भराव्यात. चुन्याची घाणी कुठे चालू आहे, कळीचा चुना पाण्यात किती दिवस मुरवायचा, वाळू आणि विटांचे चूर्ण किती, गूळ-हिरड्याचे पाणी कधी घालायचे, हे जाणणारे म्हातारे गवंडी अजून या पट्ट्यात आहेत. त्यांच्या हाताखाली दोन तरुण पोरे लावून द्यावीत आणि त्या पोरांना मजुरी द्यावी.

आणि यंदापासूनच करता येईल असे एक काम आहे, त्याला तज्ज्ञ लागत नाही. मृगाच्या आधी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, गावातल्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर चढावे. पन्हळीत साचलेली माती, पाला, कबुतरांची घरटी काढावीत. गच्चीवरची भेग चुन्याने बुजवावी. भिंतीला लागून साचलेला मातीचा ढीग उपसावा आणि सांडपाण्याची नाली पायापासून चार हात दूर वळवावी. एवढ्यासाठी लागणारी रक्कम एका ऑइल पेंटच्या कामापेक्षा कमी असते. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात तिची वेगळी ओळ असावी, आणि ती दरवर्षी खर्च व्हावी.